सात माश्या, बरोबर मध्यावर

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.
नवीन वही. समास आखला. दोन सेंटिमीटर. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

उस्तादांनी आज सांगितलं, पंधरा तारखेला, रविवारी, जुन्या शिकारी रायफलींचा दिवस. दरवर्षी असतो. आजोबा-पणजोबांच्या शिकारीच्या रायफली घरात असलेले सात जण त्या आमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आणून देतात. आम्ही साफ करतो. मग गावाबाहेरच्या मैदानावर शंभर मीटरवरून कागदी टार्गेटवर नेम धरतात. शिकार आता कोणी करत नाही, कागद मारतात. जिंकणाऱ्याला तांब्याचा मग.

यंदा सातही रायफली मी एकट्यानं साफ करायच्या, कारण उस्तादांना मोतीबिंदू आहे. ऑपरेशन अठरा तारखेला. पुढे दोन महिने दुकानाच्या किल्ल्या कोणाकडे, हे ते त्याच रविवारी सगळ्यांसमोर जाहीर करणार. दुकानात कामाला दोघंच. मी आणि उस्तादांची भाची. म्हणजे मीच. भाची कामाला बरी आहे, पण हत्यारं जागेवर ठेवत नाही. आज कानस चहाच्या कपात सापडली.

आणखी एक. दिवसाची सुरुवात दुकानातला माणूस करतो. शंभर मीटरवर लोखंडी तबकडी टांगलेली असते. ज्यानं रायफली साफ केल्या त्यानं त्यातलीच एक उचलून तबकडीवर पहिली गोळी मारायची. ठण्ण असा आवाज आला की मालकांनी समजायचं, काम चोख झालंय. यंदा ती गोळी माझी.

मी अजून बंदूक झाडलेली नाही. पण पाच वर्षं साफ करतोय. आतून ओळखतो.

निघताना उस्ताद म्हणाले, फक्त पुसायच्या. तेल, चिंधी, ब्रश. बाकी कशालाही बोट लावायचं नाही. माझ्यासारख्याला हे सांगावं लागतं याचं वाईट वाटलं. पण डोळे अधू झाले की माणूस संशयी होतो. मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं.

संध्याकाळी.
आईला शर्टाच्या आतून किल्ल्यांसाठी कप्पा शिवायला सांगितलं. कसल्या किल्ल्या, म्हणाली. म्हटलं, कळेल. तर म्हणते, बाबा रे, आधी किल्ल्या तर येऊ देत. आईला दूरदृष्टी नाही. कप्पा मात्र शिवला. टीप थोडी वाकडी आहे. उसवून पुन्हा घालायला सांगितली. ताट आदळलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
रायफली आल्या. बेकरीवाले काका, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि इतर. शेवटी निवृत्त हेडमास्तर. मी नववीत दोनदा बसलो तो यांच्याच शाळेत. प्रगतिपुस्तकात शेरा त्यांच्या हातचा होता: ‘वर्तन उत्तम.’ एवढाच. अभ्यासाचा रकाना त्यांनी रिकामा सोडला होता. दोन्ही वर्षी.

तांब्याचा मग सलग सहा वर्षं त्यांच्याकडे आहे. त्यात पेनं ठेवतात म्हणे. मला म्हणाले, काय रे, शुद्धलेखन सुधारलं का? खरं तर शुद्धलेखनात मी तेव्हाही पास होतो. गणितात गेलो होतो.  पावती लिहून दिली. ‘निवृत्त’ अचूक लिहिलं. त्यांनी न बघता घडी घातली.

संकल्प: या माणसाकडून एक चांगला शब्द ऐकायचा. या पंधरवड्यात.

४ फेब्रुवारी, बुधवार.
भयंकर शोध लागला.

नळीच्या टोकावर जो बारीक दाणा असतो, ज्यावरून नेम धरतात, त्याला माशी म्हणतात. माशी नळीच्या मधोमध हवी. शेंबडं पोरही सांगेल. सातही रायफलींवर ती मधोमध नाही! व्हर्निअरनं मोजलं. हेडमास्तरांची डावीकडे सव्वा मिलिमीटर. डॉक्टरीणबाईंची उजवीकडे एक. बेकरीवाल्यांची डावीकडे चक्क दीड. साठ-सत्तर वर्षं कोणाचं लक्ष नाही. सात मालक, सात तऱ्हेचा निष्काळजीपणा.

शिवाय प्रत्येक माशीच्या बुडाशी छिन्नीची एक बारीक रेघ. अर्धी माशीवर, अर्धी नळीवर. हाताळताना पडल्या असणार. सातही. एकाच जागी. माणसं किती धांदरट असतात.

उस्तादांना सांगावं का? सांगितलं तर म्हणणार, बोट लावू नकोस. पण बोट कुठे लावायचंय? पितळी हातोडी लावायची.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
रात्रभर सात वाकड्या माश्या डोळ्यांसमोर. भिंतीवरचं कॅलेंडरही वाकडं होतं. ते उठून सरळ केलं. तरी झोप नाही. म्हणजे प्रश्न कॅलेंडरचा नव्हता.

निर्णय घेतला. किल्ल्या ज्याच्या हातात येणार, त्यानं सांगितलेलं तेवढंच करून कसं चालेल?

७ फेब्रुवारी, शनिवार.
सातही माश्या मध्यावर! तीन दिवस लागले. टक टक, मोज. टक, मोज. बेकरीवाल्यांची चिवट निघाली, पण मीही कमी नाही. छिन्नीच्या रेघा पॉलिश पेपरनं घासून काढल्या. जागा आता आरशासारखी. तिथे कधी रेघ होती असं कोणी म्हणणार नाही.

भाची मधेच डोकावली. काय ठोकतोयस रे, म्हणाली. म्हटलं, बघतोय. तर म्हणाली, मिलिमीटर, तू बघतोस तेव्हा आवाज फार होतो. मला ती मिलिमीटर म्हणते. कामातल्या बारकाव्याबद्दल आदर आहे तिला.

प्रत्येक रायफलीसाठी पुठ्ठ्याचं लेबल केलं. हेडमास्तरांच्या लेबलावर: ‘माशी डावीकडे १.२५ मि.मी. सरकलेली आढळली. ती मध्यावर आणली. शेजारील ओरखडे घासून काढले.’ खाली सही आणि तारीख. ‘सरकलेली’ आणि ‘शेजारील’ शब्दकोशात तपासले. लेबलं खोळींच्या आतल्या खिशात ठेवली. आत्ताच दाखवणं बरं दिसत नाही. दिवस संपल्यावर, रायफली खोळीत घालताना, एकेकाच्या हाती लागतील. तेव्हा मी सहज दुसरीकडे बघत असेन.

९ फेब्रुवारी, सोमवार.
उस्तादांची स्वतःची आठवी रायफल आहे, ती भाची वापरते. तिचीही माशी वाकडी. पण गंजून अशी बसलीय की हातोडीलाही दाद देईना. नाद सोडला. तिचं लेबल: ‘सुधारण्यापलीकडे.’ भाचीला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली, मामा म्हणतो, ही तिरळी आहे पण कधी खोटं बोलत नाही. रायफल बोलेल कशाला? या घराण्यात विचार नीट मांडायची पद्धतच नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
नेमबाजीचा सराव सुरू. घरी. स्वयंपाकघरात पालथं पडून केरसुणीच्या दांड्यानं बिस्किटांच्या डब्यावर नेम. श्वास रोखून धरणं महत्त्वाचं. पंचेचाळीस सेकंद रोखला. डोळ्यांपुढे तीन डबे आले. मधल्यावर नेम धरला.

आई मला ओलांडून ये-जा करत होती. म्हणाली, पालथा पडलाच आहेस तर ओट्याखालचा कोपरा तेवढा झाडून घे. झाडला. सरावात खंड पडला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
आज दुकानात हेडमास्तर चहाला आले होते. उस्ताद त्यांना आपल्या उस्तादांच्या गोष्टी सांगत बसले. कसे ते एकेका रायफलीसाठी तीन-तीन दिवस मैदानावर काढायचे. एक गोळी झाडायची, माशीला एक टिचकी. पुन्हा गोळी, पुन्हा टिचकी. आणि मग छिन्नीनं रेघ मारायची, ती अशासाठी की

पुढचं ऐकू आलं नाही. ग्राइंडरचा आवाज फार होता. ग्राइंडर मीच लावला होता. कशाला धार लावायची होती ते आता आठवत नाही.

 

१४ फेब्रुवारी, शनिवार.
किल्ल्या स्वीकारतानाचं भाषण तयार. चार वाक्यं. शेवटचं: ‘मी या विश्वासास पात्र ठरेन.’ आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘पात्र’ म्हणताना भुवई वर जाते. ती आवरायची. आईला ऐकवलं. छान आहे म्हणाली, आणि रुमाल घेतलास का विचारलं.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.१०
उठलो. कप्प्याचा शर्ट घातला. आत हात घालून पाहिला. रिकामा. दुपारपर्यंतच.

८.४०. मैदानावर.
सगळे आले. टार्गेटं लागली, प्रत्येक कागद लाकडी चौकटीत. नियम असा: लाल झेंडा वर असेल तर कोणी टार्गेटकडे गेलंय, गोळीबार बंद. झेंडा खाली, की सुरू. उस्ताद खुर्चीवर. दिसत नाही, पण कान तबकडीकडे लावून बसलेत. वारा अजिबात नाही. उत्तम.

पहिल्या गोळीसाठी हेडमास्तरांची रायफल निवडली. सगळ्यांत नामांकित.

९.०५
नेम अगदी बरोबर होता. माशी तबकडीच्या मधोमध. श्वास रोखला. चाप ओढला. दस्त्यानं खांद्यात अशी लाथ घातली की टोपी मागे डॉक्टरीणबाईंच्या पायाशी. पक्षी उडाले. तबकडी गप्प.

रिवाजाप्रमाणे तीन संधी. दुसरी. गप्प. तिसरी. गप्प.

उस्तादांनी विचारलं, लागली का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं, अरे, डोळे गेले ते गेले, आता कानही गेले का माझे? तेव्हा भाचीनं लाल झेंडा वर केला, शंभर मीटर चालत गेली आणि पान्यानं तबकडी वाजवली. ठण्ण. उस्ताद म्हणाले, हां. सुरू करा. सगळे तोंडावर हात धरून हसत होते. उस्तादांना वाटलं, आनंदानं.

वारा सुटला असावा.

९.५०
हेडमास्तरांच्या पाच गोळ्या झाल्या. कागदाला एकही लागली नाही. डावीकडच्या लाकडी चौकटीत पाच भोकं. पाचही एकमेकांना चिकटून, एका नाण्याखाली झाकतील इतकी. सहा वर्षांचे विजेते! मी जाऊन म्हटलं, वारा आहे, सर. ते आभाळाकडे बघून म्हणाले, कुठाय?

१०.१५
बेकरीवाल्या काकांच्या गोळ्या चौकटीच्याही डावीकडे. मागच्या मातीच्या बांधात गेल्या. म्हणाले, काडतुसं जुनी झाली असतील. त्यांनाही वाऱ्याचं सांगितलं.

१०.३०
डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या उजवीकडे, कागदाच्या पार काठावर. त्यांनी विचारलं, यांच्या डावीकडे, माझ्या उजवीकडे, म्हणजे वारा दोन्हीकडून येतोय का? म्हटलं, फिरता आहे. त्यांनी खिशातला रुमाल काढून समोर धरला. रुमाल सरळ लोंबत राहिला. दातांच्या डॉक्टरांना हवेतलं काय कळणार?

११.२०
सातांपैकी सातही चुकले. कोणी चष्म्याला बोल लावतंय, कोणी गुडघ्याला. हेडमास्तर स्टुलावर बसलेत. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. उस्तादांना म्हणाले, संपलं हो माझं. नजर गेली. रायफल विकून टाकतो, तुम्हीच कोणी गिऱ्हाईक बघा. उस्ताद म्हणाले, चला, दोघं बरोबरच ऑपरेशन करून घेऊ. कोणी हसलं नाही.

 

११.३०
सांगून टाकायचं ठरवलं. उठलो. हेडमास्तरांपुढे जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलं. त्यांनी वर पाहिलं. म्हणालो, सर, वारा फार आहे हो. ते म्हणाले, हो बाळा.

परत येऊन बसलो. टोपी झटकून पुन्हा घातली. 

१२.००
भाचीनं गंजकी रायफल काढली. पाच गोळ्या. पाचही काळ्या वर्तुळात. सुधारण्यापलीकडची रायफल! योगायोगाला सीमा नसते.

हेडमास्तरांनी तांब्याचा मग आणलाच होता. त्यातली पेनं काढून खिशात ठेवली आणि तो तिला दिला. तळाशी एक टाचणी राहिली होती, तीही काढून घेतली.

दुपारी १. हे घरी आल्यावर लिहितोय.
हेडमास्तर रायफल खोळीत घालत होते. लेबल सापडलं. मी ठरल्याप्रमाणे दुसरीकडे बघत होतो.

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. वर्गात वाचायचे तसं, पूर्णविरामाला थांबून. माशी डावीकडे १.२५ मि.मी. सरकलेली आढळली. ती मध्यावर आणली. मग बेकरीवाल्यांनी आपली खोळ चाचपली. डॉक्टरीणबाईंनीही. थोड्या वेळानं सात जण आपापली लेबलं एका सुरात वाचत होते, फक्त आकड्यापाशी सूर बिघडत होता.

मग उस्तादांनी विचारलं, आणि रेघ? रेघ तरी ठेवलीस ना? म्हटलं, घासून काढली. पॉलिश पेपरनं. ते उठले होते ते परत बसले.

रेघ कशासाठी असते ते मग त्यांनी सांगितलं. या वेळी ग्राइंडर नव्हता. प्रत्येक जुन्या नळीची चाल आपापली वेगळी. माशी वाकडी करावी तेव्हा गोळी सरळ जाते. इथे एक मिलिमीटर हललं की तिथे वीतभर चुकतं. म्हणून मैदानावर झाडून झाडून माशीची जागा शोधायची आणि ती कधी हरवू नये म्हणून रेघ मारून ठेवायची. सातही रेघा उस्तादांच्या उस्तादांच्या हातच्या. ते जाऊन तीस वर्षं झाली.

मी म्हणालो, माफ करा. भाषणातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

बेकरीवाले काका बाह्या सरसावत होते. पण हेडमास्तर एकदम हसायला लागले. चष्मा कपाळावर सारून मोठमोठ्यानं. म्हणाले, अहो, म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत! पाच भोकं एका नाण्याखाली! नेम माझा नाही हो चुकला, या गाढवानं चुकवला! माझा हात धरून गदागदा हलवला. दुखऱ्या खांद्याचाच. मग लेबलाकडे पुन्हा पाहून सगळ्यांना म्हणाले, एक मात्र आहे. शुद्धलेखनात एकही चूक नाही.

संकल्प पुरा झाला. पंधरवड्याच्या आतच.

किल्ल्या भाचीला मिळाल्या. तिनं त्या त्याच मगमध्ये टाकल्या आणि तो कुठे ठेवला ते विसरली. सगळे शोधत होते. बाकाखाली मला सापडला. किल्ल्या मोजून तिच्या हातात दिल्या. नऊ.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
शांतपणे विचार केला. किल्ल्या म्हणजे जबाबदारी. जबाबदारी म्हणजे ताण. एकंदरीत सुटलो. शिवाय नोकरी गेलेली नाही. उस्ताद म्हणाले, तू बिघडवलंस, नीट होईपर्यंत तू कुठे जातोस? हे विश्वासाचंच लक्षण. आईला म्हटलं, कप्पा उसवू नकोस. ती म्हणाली, आता त्यात काय ठेवणार? म्हटलं, बघू.

व्हर्निअर भाचीनं कपाटात ठेवून कुलूप लावलंय. योग्य जागी ठेवलेलं तिचं हे पहिलंच हत्यार.

१ मार्च, रविवार.
ऑपरेशन छान झालं. उस्ताद काळा चष्मा लावून मैदानावर. दर रविवारी एक रायफल, सात रविवार. आज हेडमास्तरांची. भाची झाडते, उस्ताद माशीला टिचकी मारतात. मी टार्गेटच्या बाजूला, मातीच्या आडोशाला, लाल झेंडा घेऊन. प्रत्येक गोळीनंतर झेंडा वर करून जायचं आणि भोकावर डिंकाच्या कागदाचं ठिगळ लावायचं, म्हणजे पुढचं भोक वेगळं कळतं. ठिगळं शर्टाच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बरोबर मावतात.

अकरावं ठिगळ जरा तिरकं बसलं. निघालो. बारा पावलं आलो. परत गेलो, झेंडा पुन्हा वर केला, ठिगळ काढून सरळ लावलं. लांबून भाची ओरडली, मिलिमीटर, गोळी मारायचीय त्यावर, भिंतीला नाही टांगायचं! हेडमास्तर काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मला ऐकू आलं नाही. या वेळी खरंच.

एकोणिसावी गोळी काळ्या वर्तुळाच्या मधोमध. विसावी तिला लागून. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मी रायफलीपाशी परत आलो. उस्तादांनी छिन्नी काढली, हात नळीवर स्थिर केला आणि नवीन रेघ मारली. माशी डावीकडे सव्वा मिलिमीटर, होती तिथेच.

मी वाकून पाहिलं. रेघ किंचित तिरकी आली होती. उस्तादांनी विचारलं, कशी आलीय रे? हात कप्प्यात घालून ठिगळं घट्ट धरली. म्हटलं, छान.

वर्तन उत्तम.